तक्त्यातला तिसरा भुंगा

भुंग्यांबद्दल कुणी मला काही सांगायला लागलं की मी आधी विचारते, "हातात धरलाय का कधी?" बहुतेक जण गप्प बसतात. मी धरलाय, आणि एकदोनदा नव्हे. शिंगवाला भुंगा मुठीत घेतला की बोटांच्या फटीतून असा रेटा देतो की मोठ्या माणसाची मूठ उघडते, वर रागानं चूंचूं करतो. सोनकिड्याला नुसतं बोट लावा, पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. एक भांडखोर, दुसरा ढोंगी. या दोघांवर मी अर्धा तास न थांबता बोलू शकते. बोलतेही. घरची मंडळी मधेच उठून जातात, तो त्यांचा प्रश्न.

पण हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी भर वर्गात नाक कापून घ्यावं लागलं, आणि तेही माझं मीच कापलं. ते सांगते.

मी जव्हारची. वडील संस्थानच्या जंगलखात्यात कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा कचेऱ्यांतलं सामान हललं, कोण काय घेऊन गेलं देव जाणे. रद्दीत काढलेल्यातल्या दोन वस्तू वडिलांनी विचारून घरी आणल्या. एक, संस्थानचा कापडाच्या पाठीचा मोठा नकाशा. आणि दुसरी, काचेच्या झाकणाची किड्यांची पेटी. फार पूर्वी शिकारीला आलेल्या कुणा पाहुण्या साहेबानं ती भरली होती. प्रत्येक किड्याच्या अंगात टाचणी, टाचणीखाली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नंबर. नावांची यादी हरवली होती, नंबर तेवढे राहिले होते.

अकरा नंबर सोनकिडा. बारा नंबर शिंगवाला भुंगा. तेरा नंबर त्याच्याएवढाच, पण बिनशिंगाचा, मळकट, खरबरीत पाठीचा. वडील आल्यागेल्याला पेटी दाखवत आणि म्हणत, "आपल्या संस्थानात किड्यांच्यासुद्धा इतक्या जाती होत्या. साहेबानं मोजून ठेवल्यात." संस्थान गेलं याचं त्यांना फार लागलं होतं. त्या पेटीला हात लावायला मला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मनाई होती.

सातवीची फायनल पास झाले आणि मला मोखाडा तालुक्यात तात्पुरती नेमणूक मिळाली. पोशेऱ्याच्या पुढं डोंगरात एक गाव होतं, तिथली एकशिक्षकी शाळा. एक खोली शाळेची, तिला लागून एक माझी. घरात रामायण झालं. मुलीच्या जातीनं एकटीनं डोंगरात राहायचं म्हणजे काय! शेवटी वडील म्हणाले, "जा. पण कायम झालीस तरच राहायचं. नाहीतर मुकाट्यानं परत यायचं." परत यायचं म्हणजे काय ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण डहाणूकडचं एक स्थळ त्यांनी धरून ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या स्थळाचं मी तोंड पाहिलं नव्हतं आणि मला पाहायचंही नव्हतं. मला बाई व्हायचं होतं. हातात खडू आणि समोर पाटी घेतलेली पोरं, बस, दुसरं काही नको.

पहिलं वर्ष गेलं ते पोरांची तोंडं बघण्यात. घरची त्यांची बोली वेगळी, माझी जव्हारच्या ब्राह्मण आळीतली मराठी वेगळी. मी विचारलं की पोरं मान खाली घालायची. तपासणीला दिपोटी साहेब आले. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. त्यांनी दहा प्रश्न विचारले आणि दहांना एकच उत्तर मिळालं, शांतता. शेरेबुकात त्यांनी चार शब्द लिहिले: "मुले तोंड उघडत नाहीत." जाताना मला म्हणाले, "आणखी एक वर्ष बघू." वडिलांना पत्रात मी फक्त "आणखी एक वर्ष" एवढंच कळवलं.

मग दुसऱ्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली, आणि माझं नशीब काडेपेटीतून बाहेर आलं. एका पोरीच्या मुठीत काडेपेटी होती. आत खैराचा पाला आणि पाल्यावर सोनकिडा. हिरवा, गळ्याशी निळी झाक, उन्हात धरला तर वर्गभर सोनं. मी विचारलं, "हा काय खातो गं?" आणि वर्ष उलटून गेल्यावर पहिल्यांदा त्या वर्गातून एकदम सात-आठ आवाज आले. काय खातो, कुठं सापडतो, अंडी कशी वरईच्या दाण्यांएवढी घालतो, मेल्यावर त्याच्या पंखांची टिकली करून बायका कपाळाला कशी लावतात. अर्धं मला कळलं नाही. पण बोलत होती हो! मला रडू आलं. मी पाठ फिरवून फळा पुसला.

तेव्हापासून माझी शाळा किड्यांवर चालली. भाषा किड्यांवर, गणित किड्यांच्या पायांवर, शुद्धलेखन किड्यांच्या नावांवर. दिवाळीच्या आत दिपोटी येणार होते, तोवर मला एक झकास तक्ता करायचा होता. एका रविवारी जव्हारला जाऊन वडिलांकडून मी पेटी आणि तो जुना नकाशा मागून आणला. नकाशा द्यायला ते कुरकुरले. मी म्हटलं, "त्या हद्दी आता राहिल्यात कुठं? पाठ कोरी आहे, कामाला येईल." वाईटच बोलले मी. त्यांचा चेहरा उतरला, पण नकाशा दिला.

त्या पाठीवर मी तीन रकाने आखले. सोनकिडा, शिंगवाला भुंगा, बिनशिंगी भुंगा. पेटीत या तिघांना नंबर वेगळे, म्हणून जाती तीन. रंग, खाणं, राहणं, स्वभाव, अंडी, सगळं सुबक अक्षरात. माझं अक्षर तेव्हाही चांगलं होतं.

शाळेत पाणी भरायला आणि झाडलोट करायला एक बाई यायची. पन्नाशीची, विधवा, गावातलीच. पोरं तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचे. एक दिवस कळशी ठेवून ती तक्त्यापुढं उभी राहिली. वाचता येत नव्हतं, पण चित्रं मी बरी काढली होती. शिंगवाल्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाय, हा नवरा." मग बिनशिंगीवर ठेवलं. "ही त्याची बायको. दोन वेगल्या घरात कशाला घातली?"

पोरं खुसखुसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "मावशी, सोनकिड्यात नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. मी स्वतः पाहिलंय. मग यांच्यातच नवरा एक तऱ्हेचा आणि बायको एक तऱ्हेची, असं कसं असेल?"

"सोनकिडा सोनकिडा हाय. हा हा हाय," ती म्हणाली.

आता याला काय उत्तर देणार? मी चिडले. "तुम्ही पाणी भरा. शिकवायचं काम माझं आहे."

वर्गातली खुसखुस थांबली. मावशीनं पदर सारखा केला आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती उंबऱ्याच्या आत येईना. कळशी दारात ठेवायची, झाडायला मी पोरांना घेऊन बाहेर गेले की यायची. मी म्हटलं, रुसली तर रुसली.

पण रुसलेलं माणूस असं करतं का? आठ दिवसांनी दारात एक टोपली. आत ओलं शेणखत आणि त्यात लिंबाएवढ्या मातीच्या सहा गोळ्या. शेतात टाकायला उकिरडा उपसताना तिला सापडल्या होत्या. दारातूनच म्हणाली, "फोडू नका. आपसूक निघतील. मग बघा." मी टोपली खिडकीत ठेवली, वर जाळी बांधली. आषाढात गोळ्या फुटल्या. चार शिंगवाले आले, दोन बिनशिंगी. एकाच उकिरड्यातले, एकाच मापाच्या गोळ्यांतले.

मी काय केलं असेल? पडले तरी नाक वर! पोरांना सांगितलं, "बघा, दोन जाती एकाच उकिरड्यात गुण्यागोविंदानं राहतात." आणि तक्त्यात 'राहणे' या ओळीत दोन्हीकडे 'उकिरडा' लिहून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही. खरं तर मनात कुठंतरी कळलं होतं. पण तेरा नंबर खोटा ठरला की पेटी खोटी, पेटी खोटी की वडील खोटे, आणि मी तर खोटी ठरायचीच. चुकलेल्या तात्पुरत्या बाईला कोण कायम करतं?

भाद्रपदात पावसानं जरा उसंत दिली तेव्हा दिपोटी आले, मोखाड्याहून पायी, गुडघ्यापर्यंत चिखल. घाटावरचे, सुकलेले गृहस्थ. हसणं त्यांना ठाऊक नसावं. त्यांनी मागच्या वर्षीचा शेरा आधी वाचला आणि मग वर्गाकडं पाहिलं.

"हा किडा कुठला?" तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

सगळी पोरं एकदम उठली! सोनकिडा मेल्याचं सोंग करतो. त्याचा रंग मेल्यावरही जात नाही. भुंग्याचे मेल्यावर पाय गळतात, शिंग राहतं. सोनकिडा पाला खातो, भुंगा साल खरवडून रस चोखतो. सोनकिड्याची अळी मातीत मुळं खाते, भुंग्याची उकिरड्यात वाढते. सोनकिडा आवाज करत नाही, भुंगा चिडला की चूंचूं करतो. दिपोटी चकित झाले. "आमच्याकडे असे किडे नाहीत," एवढं म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. मला वाटलं, जिंकले. आता डहाणूवाल्यानं दुसरीकडं बघावं.

तेवढ्यात ते म्हणाले, "पाळलेत ना? दाखवा."

कप्पाळ माझं! खिडकीतल्या टोपलीवर मी सकाळीच पंचा टाकला होता. आत काय चाललंय ते मी पाहिलं होतं. मी पुढं होईस्तोवर त्यांनी पंचा उचलला. आत शिंगवाला बिनशिंगीच्या पाठीवर, आणि दोघांना जगाची शुद्ध नाही. पोरं तोंडावर हात दाबून हसू लागली. मी एकोणीस-वीस वर्षांची, बिनलग्नाची, समोर परका पुरुष. माझे कान तापले.

"हे काय?" दिपोटींनी विचारलं.

"भांडतायत," मी म्हटलं. "दोन वेगळ्या जाती आहेत ना, साहेब. जागेवरून भांडतात."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दिपोटी टोपलीवर वाकले, मग "बरं" म्हणाले आणि शेरेबुक उघडलं. त्यांना किड्यांतलं काही कळत नसावं, किंवा मला लाजेतून सोडवावं असं त्यांना वाटलं असावं. काही का असेना, मी सुटले होते.

आणि मग मला ऐकू आलं ते काहीच नाही. हसणं थांबलं होतं. मी वळून पाहिलं तर सगळ्या पोरांच्या माना खाली. मिटलेली तोंडं. अगदी गेल्या वर्षीची. दारात मावशी कळशी घेऊन उभी होती, तिनंही नजर खाली घातली होती. त्यांना सगळ्यांना माहीत होतं मी काय पाहतेय आणि काय सांगतेय. जी बाई डोळ्यांपुढचं नाकारते तिच्यापुढं तोंड कशाला उघडायचं? मला इतकी लाज वाटली, की त्या भुंग्यांची वाटली ती काहीच नव्हे.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. ती भांडत नाहीत. नवरा-बायको आहेत ती."

पेन वर राहिलं.

"तक्ता चुकीचा आहे. जाती दोनच आहेत. मला या मावशींनी आषाढाच्या आधीच सांगितलं होतं. पुरावासुद्धा आणून दिला. मी ऐकलं नाही, वर त्यांना पोरांदेखत बोलले."

दिपोटींनी मावशीकडं पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

ती उंबऱ्याबाहेरच होती. मी जाऊन तिच्या हातातली कळशी घेतली आणि म्हटलं, "मावशी, आत या. तुम्हीच सांगा." ती लगेच आली नाही. माझ्याकडं बघत राहिली, मी तिथंच उभी राहिले, आणि मग आली.

"एका उकिरड्यातली, एका घरातली," ती म्हणाली. "शिंग बाप्याला. बाईला नाय."

"का नाही?"

"तिला काम असतं. अंडी घालायची, शेनात खोल जायचं. शिंग घेऊन कुठं अडकत बसेल?"

एक पोरगा फिस्सकन हसला. मग दुसरा. दिपोटींना नीट उमगलं नाही तेव्हा दोन पोरींनी उभं राहून त्यांना समजावून सांगितलं, मादी शेणात खोल कशी जाते, उकिरडा कसा उपसतात, गोळी कशी फुटते. मी ओला बोळा घेतला आणि सगळ्यांसमोर तिसरा रकाना पुसला. शाई गेली नाही, निळा डाग राहिला. मग त्यावर कोरा कागद चिकटवला. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पेटीवाल्या साहेबाचे नंबर किड्यांचे होते, जातींचे नव्हतेच. त्यानं फक्त मोजणी केली होती. जाती आमच्या जव्हारनं केल्या.

शेरा त्यांनी बसून लिहिला आणि बुक मिटून गेले. मी घाईनं उघडलं. दोन ओळी होत्या. "तक्त्यात मोठी चूक." आणि खाली, "मुले बोलतात." कायम करण्याबद्दल अक्षर नाही.

दिवाळी गेली, कायमचा हुकूम आला नाही. वडील आले. एस.टी.नं मोखाड्यापर्यंत आणि पुढं चालत, हातात पिशवी. शेरा मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि दुसरीकडं पाहिलंच नाही. मग भिंतीवरच्या तक्त्याकडं गेले, कोपरा उचलून मागं आपलं संस्थान शाबूत आहे का ते बघितलं, आणि पुन्हा पुढं येऊन म्हणाले, "तिसरा कुठं गेला?"

"तिसरा नाहीच, बाबा."

"पेटीत तर तिघांना तीन नंबर आहेत. साहेब काय खुळा होता?"

"साहेब नाही. आपण चुकलो."

त्यांचा आवाज चढला. "एका अडाणी बाईच्या शब्दावर दिपोटीसमोर स्वतःची चूक काढलीस? गप्प राहिली असतीस तर आज कायम असतीस. पुरे झालं. सामान बांध. उद्या सकाळच्या गाडीनं जायचंय."

त्यांचं बोलणं खरं होतं, हेच तर वाईट होतं. गप्प राहिले असते तर कायम असते. मी खाली बसले आणि खरोखर वळकटी बांधायला घेतली.

मावशी माझ्या खोलीत पाणी ओतत होती. तिनं कळशी रिकामी केली, पदराला हात पुसले आणि वडिलांसमोर येऊन उभी राहिली. संस्थानच्या कारकुनापुढं असं कुणी उभं राहत नसे.

"बाबा, हिला आता कशाला नेता?" ती म्हणाली. "एक वरीस नुसती बोलली. आता कुठं आयकाला लागली."

वडिलांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या अर्धवट वळकटीकडं, मग तक्त्यावर चिकटवलेल्या कोऱ्या कागदाकडं. मग शेरेबुक पुन्हा उघडलं आणि दुसरी ओळ वाचली. सकाळी पिशवी उचलून ते एकटेच गाडीला गेले. पेटी मागितली नाही.